अर्धा हॉर्न

"अहो, ऐकलंत का... तो हॉर्न माझा आहे."

मी एका मोडक्या गाडीच्या पुढच्या भागाखाली पाठीवर पडले होते, त्यामुळे बोलणाऱ्याचे मला फक्त बूट दिसले. साधे, काळे, आणि त्यांच्यावर कसलीतरी पांढरी भुकटी सांडलेली.

"असेल," मी म्हणाले. "पण पाना माझ्या हातात आहे."

भंगाराच्या त्या आवारात एकच कायदा चालायचा. जो नट सोडवेल, माल त्याचा. मालक फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचा आणि कोणी वाद घातला की नुसतं विचारायचा, "सोडवला कोणी?" त्यावर अपील नाही.

"मी सकाळीच येऊन बघून गेलो होतो हो," बूट कळवळून म्हणाले. "फक्त पाना आणायला परत गेलो."

"पाना न घेता भंगारात कोण येतं?"

बूट एकमेकांवर घासले. मग आवाज आला, "...मी."

तो 'मी' इतका सरळ होता, की मला हसू फुटलं. हसताना बोटं सैल झाली आणि सुटत आलेला नट टपकन माझ्या नाकावर पडला.

"लागलं का?" बूट वाकले, गुडघे टेकले, आणि गाडीखाली एक उलटा चेहरा डोकावला. कुरळे केस, काळजीने मोठे झालेले डोळे, आणि एका भुवईवर पीठ.

"तुमच्या भुवईला पीठ लागलंय," मी म्हणाले.

"तुमच्या नाकाला ग्रीस," तो म्हणाला, आणि खिशातून रुमाल काढून गाडीखाली सरकवला. रुमालाला ताज्या ब्रेडचा वास होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे त्या वासाने मी जराशी विरघळले, हे कबूल करते. पण पाना सोडला नाही.

गाडी खरंच त्याची होती. तो बेकरीवाला. याच गाडीतून तो गल्लोगल्ली ब्रेड विकायचा. उभ्या गाडीला मागून एका टेम्पोने असं ठोकलं होतं, की मागचा भाग पार चेपला. पुढचं सगळं मात्र शाबूत राहिलं, हॉर्नसकट. हॉर्न म्हणजे खरं तर जोडी होती. लोखंडाचे दोन जाड गोल, शेजारी शेजारी. एकाचा आवाज खालचा, एकाचा वरचा.

"तुम्हाला कशाला हवाय?" त्याने विचारलं.

आणि मी गाडीखाली पडल्या पडल्या सगळं सांगून टाकलं. का, ते देव जाणे. चेहरा उलटा असला की माणसाशी बोलायला सोपं जात असावं.

आमचा जुना ट्रक बाबांचा आणि काकांचा, अर्धा अर्धा. आमची रोपवाटिका आहे, आणि बाबा त्या ट्रकमधून घरोघरी, बागांमध्ये रोपं पोचवायचे. त्यांचा गुडघा गेला आणि ट्रक आमच्या दारात उभा राहिला. काका म्हणाले, भंगारात घालू. मी म्हणाले, मी चालवते. काका म्हणाले, वाटेत बंद पडला तर एकटी पोर काय करशील? मी म्हणाले, दुरुस्त करेन. शेवटी काकांनी शब्द दिला, की गाडी तपासणीत पास झाली तर तुझी, नाहीतर भंगाराची. मग मी कामाला लागले. ब्रेक करून घेतले, दिवे बदलले, गंजलेला पुढचा भाग खरवडून त्यावर हिरव्या रंगाचे तीन हात दिले. तपासणीत सगळं पास झालं. एक हॉर्न सोडून. मूळचा हॉर्न गंजून मेला होता आणि तसा आता कुठे मिळत नाही, म्हणून मी दुकानातून परवडेल असा एक छोटा घेऊन बसवला होता. तपासणीवाल्या साहेबांनी तो दाबला आणि म्हणाले, "ट्रकातून चिमणी बोलतेय. दणदणीत हॉर्न लावून या."

दुसरी आणि शेवटची तपासणी उद्या सकाळी होती.

"म्हणजे उद्या हॉर्न वाजला नाही, तर तुमचा ट्रक इथेच येऊन पडणार," तो हळूच म्हणाला. त्याने मान वळवून आवारातल्या गाड्यांकडे पाहिलं.

"नाही पडणार," मी म्हणाले. "हॉर्न वाजणार."

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले... मिटले. "बरं," तो म्हणाला. "घेऊन जा. पण एक अट. जोडताना मी तिथे असणार. एकदा ऐकायचाय मला."

"या. पण फक्त बटण दाबायचं. सल्ला द्यायचा नाही."

"मला द्यायचा म्हटलं तरी येत नाही," तो हसला. हसला की त्याच्या उजव्या गालावर खळी पडायची. डाव्यावर नाही. मी तिसरा नट जरा जास्तच जोरात फिरवला.

दुपारी तो आला, तेव्हा बाबा कुंड्यांच्या रांगेजवळ खुर्चीत पाय लांब करून बसले होते.

"हा कोण?" त्यांनी मला विचारलं.

"बटण दाबणारा."

"बस रे बाबा," बाबा त्याला म्हणाले. "आमच्या घोरपडीच्या तावडीत सापडलास. ही एकदा चिकटली की सोडत नाही. अजून वेळ गेलेली नाही, पळायचं तर पळ."

"बाबा!"

"मी बसतो," बेकरीवाला म्हणाला आणि ट्रकच्या केबिनमध्ये चढला. चढताना त्याने दाराची कड, काच, आरसा सगळं असं हलकेच धरलं, की जणू ट्रकला दुखेल. मला ते आवडलं. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, म्हणजे ते तोंडावर दिसायला नको.

काम तसं सोपं होतं. जुन्या हॉर्नला एकच वायर यायची. वीज वायरीतून हॉर्नमध्ये जायची आणि परत जाताना ट्रकच्या लोखंडातूनच जायची. नव्या जोडीला मात्र प्रत्येकी दोन टोकं होती. एक येण्याचं, एक जाण्याचं. मी जुनी वायर येण्याच्या टोकांना जोडली. जाण्यासाठी काळी वायर घेतली, तिला गोल कडी लावली आणि ती पुढच्या पट्टीवर बोल्टने करकचून आवळली. वर चिकटपट्टी गुंडाळली. सुबक काम. बाबासुद्धा लांबून "हं" म्हणाले, आणि बाबांचं "हं" सहजासहजी मिळत नाही.

"दाबा!"

काही नाही.

"दाबलंत का?"

"दाबलंय. अजून दाबूनच धरलंय."

मी फ्यूज बघितला. ठीक. टेस्टर लावला. वायरीत वीज येत होती. हॉर्न सुटा करून थेट बॅटरीवर लावून पाहिला, तर असा कोकलला की बाबांच्या हातातला चहा सांडला. म्हणजे हॉर्न चांगला, वायर चांगली. परत जोडला. परत मुका.

"दाबा."

"दाबलं."

"नीट दाबा!"

"ड्रायव्हरबाई, बटण दाबण्यात जे काही कौशल्य असतं, ते सगळं पणाला लावलंय मी."

"तुम्हाला सल्ला द्यायचा नाही असं ठरलंय."

"हा सल्ला नाही. ही... विनवणी आहे."

मी हसले नाही. सूर्य कलायला लागला होता. काका उद्या तपासणीला येणार होते, आणि त्यांनी तिथे नुसतं "काय ग?" म्हटलं असतं तरी मला रडू फुटलं असतं. मी बोल्ट आणखी आवळला. वायरी उलटसुलट केल्या. परत सुलट केल्या. हाताला दोन ठिकाणी खरचटलं.

तो केबिनमधून उतरला. माझ्या शेजारी उभा राहिला. पाण्याची बाटली पुढे केली आणि ट्रकला टेकता टेकता थबकला.

"रंग ओला नाही ना?" त्याने विचारलं. मग बोटाने चाचपून म्हणाला, "केवढा जाड दिलाय हो! याच्या खाली लोखंड आहे की नाही?"

मी बाटली तोंडाला लावली होती. तशीच थांबले.

लोखंड!

काळी वायर मी लोखंडाला लावलीच नव्हती. मी ती माझ्या तीन हात हिरव्या रंगाला लावली होती. ज्या रंगाचा आठवडाभर मला एवढा अभिमान होता, त्यानेच विजेची परतीची वाट अडवली होती. आणि मी त्याच रंगावर बोल्ट आणखी आणखी आवळत बसले होते.

"काय झालं?" तो घाबरला. "मी काही चुकीचं—"

"गप्प. चढा वर."

मी बोल्ट काढला, पॉलिश पेपर घेतला आणि माझा तो सुंदर हिरवा रंग घासायला लागले. जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. नाण्याएवढं लोखंड चमकेपर्यंत घासलं, कडी बसवली, आवळली.

"दाबा!"

पों-पीं!

माझं डोकं अजून बॉनेटमध्येच होतं. कान सुन्न झाले, डोकं वरच्या पत्र्यावर आपटलं, आणि मी जागच्या जागी उड्या मारायला लागले. त्याने पुन्हा दाबलं. दोनदा आखूड, एकदा लांब. पों-पीं, पों-पीं, पोंऽऽपींऽऽ! केबिनमध्ये त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हरवलेलं कोणीतरी घरी परतावं, तसा. आणि तेवढ्यात फट् असा आवाज झाला, जळकट वास सुटला आणि हॉर्न बंद पडला.

"फ्यूज," बाबा खुर्चीतून म्हणाले. "जुनी वायर आहे पोरी. दोघांचा भार नाही पेलणार ती. एकच लाव."

मी उत्तर देणार, इतक्यात आमचं फाटक वाजलं. समोरच्या काकू हातात कापडी पिशवी घेऊन आत आल्या. त्यांच्या मागून आणखी एक काकू. त्यांच्या मागून पायजम्यातले एक आजोबा, त्यांच्याही हातात पिशवी.

"आला का ब्रेड?" काकूंनी विचारलं. मग केबिनकडे बघून त्यांनी कमरेवर हात ठेवला. "हा बघा इथे बसलाय! अरे, नवी गाडी घेतलीस म्हणे. कधी येतोस, कधी जातोस, कळत नाही आम्हाला. ती नवी गाडी कसली किरकिरते, वाटतं कोणीतरी सायकल वाजवतंय. हॉर्न कुठे गेला तुझा?"

तो केबिनमध्ये खाली खाली सरकत चालला होता.

"आहे... इथेच आहे काकू," तो म्हणाला. "ब्रेड मात्र आज नाही. उद्या आणतो."

पिशव्या परत गेल्या. मी केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. आमच्याकडे भाकरीच असते, म्हणून गल्लीत वाजणाऱ्या या हॉर्नला मी आणि बाबा कधी फाटकाबाहेर डोकावलोच नव्हतो.

"रोज किती ब्रेड परत नेता?" मी विचारलं.

"...बराच."

"या हॉर्नशिवाय लोक बाहेर येत नाहीत."

"येतील हळूहळू. सवय होईल."

"सांगितलं का नाही तुम्ही? तिथे आवारात? मी तुमची रोजीरोटी पान्याने सोडवत होते, आणि तुम्ही मला रुमाल देत होतात!"

"सांगितलं असतं तर तुम्ही हॉर्न मला दिला असतात," तो म्हणाला. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ, न लाजता पाहिलं. "मग उद्या काय वाजवलं असतंत?"

मला नाकावर राग घेऊन फिरायची सवय आहे, पण त्या क्षणी तो कुठे गेला कोण जाणे. मला एकदम वाटलं, या माणसाला मी आज सकाळी ओळखत नव्हते, ही किती विचित्र गोष्ट आहे. मग मी पाना उचलला.

"काय करताय?"

"एकच लावायचाय ना? मग एकच लावते." जोडीतला वरच्या आवाजाचा हॉर्न मी सोडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. "जो सोडवेल, माल त्याचा. माल माझा, मी तुम्हाला दिला."

"पण अर्ध्या हॉर्नला कोण ओळखणार?"

"त्या सायकलपेक्षा बरा वाजेल."

हॉर्न घेताना त्याची बोटं माझ्या बोटांखाली आली. माझं ग्रीस त्याच्या हाताला लागलं. त्याने ते पुसलं नाही. मीही हात लगेच काढला नाही... आणि बाबा अचानक खूप मोठ्याने खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या मैदानात काका माझ्या आधीच येऊन उभे होते. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, पुढे येऊन वाकले आणि रंगावरच्या त्या नाण्याएवढ्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हॉर्नची परतीची वायर, साहेब. रंगावरून वीज जात नाही."

"मग? गेली का?"

"दाबून बघा."

त्यांनी दाबलं. पोंऽऽ! मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा असलेला एक ड्रायव्हर दचकून बाजूला झाला. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे वळले. माझा जीव भांड्यात पडला. काका केबिनमध्ये चढले, त्यांनी स्वतः एकदा हॉर्न दाबला, आणि उतरताना डोळे चोळत म्हणाले, "धूळ फार आहे इथे. वाटेत बंद पडली तर फोन कर हां."

"दुरुस्त करेन," मी म्हणाले.

"ते झालंच. तरी कर."

मी ट्रक थेट आमच्या गल्लीकडे घेतला. कोपऱ्यावर त्याची नवी गाडी उभी होती. पांढरी, स्वच्छ, मागे ब्रेडचे ट्रे भरलेले. तो हॉर्न वाजवत होता. दोनदा आखूड, एकदा लांब. पीं, पीं, पींऽऽ. आवाज मोठा होता, तरी दारं बंद. एका खिडकीतून कोणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

मी ट्रक त्याच्या शेजारी आणून उभा केला आणि काच खाली घेतली.

"पास?" तो ओरडला. स्वतःच्या ब्रेडचं काही नाही, पहिला प्रश्न हा.

"पास! आता दाबा. माझ्याबरोबर."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग ती खळी पडली. उजव्या गालावर. आम्ही एकमेकांच्या काचेतून बघत एकदम बटणं दाबली. पों-पीं, पों-पीं, पोंऽऽपींऽऽ!

दारं उघडली. एक, मग दुसरं, मग सगळीच. पिशव्या घेऊन माणसं रस्त्यावर आली. समोरच्या काकू सगळ्यांत पुढे होत्या.

तो गाडीतून उतरून माझ्या खिडकीखाली आला. बोलायला लागला आणि अडखळला.

"म्हणजे आता रोज... तुम्ही रोपं पोचवायला निघणार, त्याच वेळी मी..."

"याच गल्ल्यांमधून. मी काल रात्री ठरवलंय सगळं."

"पण तुम्हाला त्रास होईल. रोज माझ्या मागेपुढे—"

"मागेपुढे नाही. शेजारी," मी म्हणाले. मग वाटलं, हे असं अर्धवट बोलून चालायचं नाही. काल एक जोड मी नीट लोखंडापर्यंत नेला नव्हता आणि अर्धी दुपार वाया घालवली होती. "ऐका. मला तुम्ही आवडता. आवडतोस. ब्रेडसाठी नाही, हॉर्नसाठी नाही. तू मला तो हॉर्न नेऊ दिलास आणि वर बटण दाबायला आलास, म्हणून. सकाळी डोळे उघडले तेव्हा पहिली आठवण तपासणीची नाही झाली, तुझी झाली. झालं. बोलले."

त्याच्या भुवईवर आजही पीठ होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला पाना कुठे ठेवलाय ते आठवायला लागलं.

"मी काल घरी जाऊन हॉर्न बसवला," तो शेवटी म्हणाला. "चांगला वाजला. पण मला सारखं वाटत होतं... तू तिकडून 'नीट दाबा' म्हणून ओरडशील. तू ओरडली नाहीस. मला झोपच आली नाही."

"मग आता नीट सांग."

"मला तू आवडतेस. फार. कालपासून. नट तुझ्या नाकावर पडला तेव्हापासून."

"अरे, आधी ब्रेड द्या कोणीतरी!" काकू ओरडल्या. "बोलायला काय, आता जन्म पडलाय!"

सगळी गल्ली हसली. तो लाल होऊन ट्रे काढायला पळाला, आणि पळता पळता त्याने एक गरम ब्रेड माझ्या खिडकीतून आत टाकला. मी तो मांडीवर ठेवला. काचेवर माझ्या ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते पुसले नाहीत.

गर्दी पांगली. त्याने गाडी सुरू केली आणि पुढच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला. हॉर्न वाजवला नाही. नुसता आरशात बघत माझी वाट पाहत राहिला.

मी ट्रक त्याच्या शेजारी नेऊन लावला.